तीन सेंटिमीटरच्या आत

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

ही वही मी हौसेने लिहायला घेतलेली नाही. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यांचं वजन, भूक, ताप आणि पोटाचा घेर रोज लिहून ठेवा. अंगणवाडीत सतरा रजिस्टरं लिहिते, त्यात हे अठरावं.

वजन ५८. ताप नाही. पोटाचा घेर ८५. जेवण बरं.

आता जे डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं नाही, ते लिहिते. यांच्या लिव्हरमध्ये परत गाठ आली आहे. दोन वर्षांपूर्वी बरगडीपासून बेंबीपर्यंत पोट फाडून लिव्हरचा तुकडा काढला होता. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी स्कॅन. सात वेळा चांगला आला. आज आठवी वेळ.

गाठ १.९ सेंटिमीटर आहे. लिव्हर आधीच खराब असल्यामुळे परत कापता येणार नाही. पण बाई म्हणाल्या, कापायची गरजही नाही, बाहेरून कातडीतून एक सुई घालायची, तिच्या टोकाशी उष्णता सोडायची आणि गाठ जागच्या जागी जाळून टाकायची. दुसऱ्या दिवशी घरी. फक्त गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेपर्यंतच या सुईचा भरवसा, म्हणून उशीर नको. ११ नोव्हेंबरची तारीख दिली.

हे तेव्हा रक्त द्यायला गेले होते. मी बाईंना म्हटलं, यांना मी सांगते. बाहेर आल्यावर सांगितलं, “सुईने गाठीत औषध सोडणार आहेत.” जाळणार हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. जिवंत माणसाबद्दल तो शब्द आपल्यात कुणी काढत नाही. घरचं माणूस, तेही आजारी, त्याला तोंडावर कसं सांगायचं? हे म्हणाले, “औषध ना, मग ठीक हाय.” एसटीत आमचं वरंध येईपर्यंत शांत झोपले. मला झोप लागली नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

वजन ५८. बाकी तेच.

अंगणवाडीत पोरांचे दंड मोजायची टेप माझ्याकडे असते. आज दुपारी पोरं गेल्यावर तिच्यावर १.९ सेंटिमीटर बघितलं. माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. एवढीशी गोष्ट. मग तीन बघितलं. दोघांमध्ये फार अंतर नाही. टेप गुंडाळून ठेवली आणि उगाच खाऊचे डबे पुसत बसले.

हे रोज बिरवाडीला हैदरभाईंच्या वर्कशॉपला जातात. वीस वर्षं वेल्डिंग करतायत, खिडक्यांच्या जाळ्या, गेट, पत्र्याच्या शेड. हैदरभाई म्हणतात येऊन नुसते बसा, पण बसतील ते हे कसले.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

आमची लेक सेजल कामोठ्याहून चार दिवस आली होती. घर भरल्यासारखं वाटलं. तिचं रक्त तपासून घेतलं होतं, ज्याने यांचं लिव्हर खराब केलं तो कावीळ बी चा विषाणू तिच्यात नाही. माझ्यातही नाही. देवाला नारळ ठेवला. डॉक्टरीणबाईंनी आत्यांचंही, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, रक्त तपासायला सांगितलंय. त्या म्हणतात, “माझा काय करायचाय रगात बघून, मी आता पिकला पान.”

एक गोष्ट. सेजल बाबांच्या हाताला उटणं लावत होती. डाव्या हाताला मनगटाच्या वर चार बोटं यांना तीन जुने डाग आहेत, एका रांगेत, टिकलीएवढे. तिने विचारलं हे कधी झालं. हे म्हणाले ठिणग्या उडाल्या आणि बाही खाली ओढली. मलाही लग्नानंतर हेच सांगितलं होतं. ठिणग्या अशा रांगेत उडतात का, म्हणून सेजल हसली. आत्या उठून पडवीत गेल्या.

११ नोव्हेंबर, सोमवार

सुई न घेताच परत आलो.

सगळं नीट चाललं होतं. सकाळी भरती झाले, कपडे बदलले, पोटावर पेनाने खूण केली. मग एक तरुण डॉक्टर सहीचा कागद घेऊन आला. चांगला पोरगा, मराठीत समजावून सांगत होता. म्हणाला, “काका, घाबरू नका, तुम्हाला झोपवूनच करणार. सुई आत गेली की आठ-दहा मिनिटांत गाठ जळून जाईल.”

यांनी विचारलं, “जळून म्हणजे?”

त्याने समजावलं. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, त्याला कळलं नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तरी बरं झालं असतं. उठले, शर्ट घातला, चपला घातल्या आणि चालू लागले. जिन्यात मी हात धरला तर यांचं अंग घामाने थबथबलेलं. एवढंच म्हणाले, “तू मला सांगितलास नाय.”

एसटीत हे माझ्यापासून दोन सीट पुढे जाऊन बसले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

वजन घेऊ दिलं नाही. कामावर गेले. हैदरभाईंना फोन केला तर म्हणाले, “वहिनी, सकाळपासून वेल्डिंगच चाललंय त्यांचं. मी थांबवायला गेलो तर ऐकत नाहीत.”

मला काही समजेनासं झालंय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण हा माणूस रोज आगीशी खेळतो. आणि दहा मिनिटांची सुई, तीही झोपेत, तिला घाबरून पळून येतो? मी खोटं बोलले हे माझं चुकलं. पण त्यासाठी कुणी जीवावर उदार होतं का?

१७ नोव्हेंबर, रविवार

आज कळलं.

झोडणी झाली, भात घरात आलं. हे खळ्यावर होते. मी आत्यांसमोर रडले. म्हटलं, तुमचा मुलगा जाळायच्या नावाने पळतोय आणि ती गाठ वाढतेय, तुम्ही तरी सांगा. आत्या बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, “तो नाय जायचा गो. त्याला एकदा डागलाय.”

हे सात वर्षांचे असताना यांना कावीळ झाली होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक म्हातारा कावीळ उतरवायचा. झाडपाला द्यायचा, आणि जास्त असेल तर विळ्याचं टोक चुलीत लाल करून हातावर डाग द्यायचा. डागल्यावर पिवळेपण जळून जातं म्हणायचे. आत्या यांना पाठीवर घेऊन घाट चढून गेल्या. सासरे मुंबईला होते. म्हाताऱ्याने सांगितलं, पोर हललं तर डाग चुकेल, घट्ट धरा. आत्यांनी धरलं. पहिला, दुसरा, तिसरा.

“कावीळ उतारली,” त्या म्हणाल्या. “पण सा महिने माझ्याजवल झोपला नाय.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला राग आला. या एका म्हातारीपायी माझा माणूस जाणार, एवढंच डोक्यात. आणि मी बोलू नये ते बोलून गेले. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं की हा विषाणू बहुतेक वेळा बाळंतपणात आईकडून पोराला येतो आणि पुढे चाळीस वर्षांनी लिव्हर खातो. तेच मी आत्यांच्या तोंडावर मारलं. “रोगही तुमच्याकडूनच आला आणि भीतीही तुमच्याकडूनच.”

आत्या सूप उचलून आत गेल्या.

डॉक्टरीणबाई पुढे असंही म्हणाल्या होत्या, की यात आईचा दोष नसतो, तिला बिचारीला माहीतही नसतं. ते मी सांगितलं नाही. राग शांत झाल्यावर सांगेन.

२५ नोव्हेंबर, सोमवार

वजन ५७. पोटाचा घेर ८५.

कसंबसं समजावून महाडला सोनोग्राफीला नेलं. सुई नको तर नको, निदान किती आहे ते तर बघू. २.५ आली. मुंबईला फोन केला. बाईंनी सोनोग्राफी आणि स्कॅनच्या मापात थोडा फरक पडतो म्हणून सांगितलं, पण वाढ आहे हे नक्की. १० डिसेंबरची तारीख देते म्हणाल्या. त्यानंतर जानेवारीच. जानेवारीपर्यंत तीनच्या आत राहील का, विचारलं. त्या म्हणाल्या, “तसं मी सांगू शकत नाही.”

एसटी स्टँडवर चहा घेताना मी यांना म्हटलं, मला आत्यांनी डागाचं सांगितलंय. यांनी कप खाली ठेवला. म्हटलं, अहो, ती म्हातारीची विद्या होती, हे शास्त्र आहे. तुम्ही तर रोज त्याहून मोठी आग हाताळता.

“तिथं हँडल माझ्या हातात असतो,” हे म्हणाले. “इथं मला झोपवणार.”

मी चहाचे पैसे दिले. १० तारखेला येता का विचारलं, तर मान नुसती हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पोरांची वजनं झाली. साडेतीन वर्षांची एक पोर वजनकाट्याला बघून किंचाळते. मागच्या वेळी तिच्या आजीने दामटून बसवली होती. आज मी काटा जमिनीवर ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागले. पंधरा मिनिटांनी आपली आपणच जाऊन उभी राहिली. मला एवढं रडू आलं की मदतनीस घाबरली.

घरी मी यांना काही म्हणत नाही. माझा जीव टांगणीला लागलाय, पण म्हणत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज आत्या घरातून नाहीशा झाल्या. दुपारी अंगणवाडीतून आले तर दाराला कडी. शेजारची शकू म्हणाली, नवं लुगडं नेसून एसटीच्या थांब्याकडे जाताना दिसल्या. त्यांनी बारा वर्षांत एकट्याने एसटी पकडलेली नाही. मला वाटलं, मी बोलले ते मनाला लावून घेतलं आणि आता विहीर नाही तर नदी.

तासाभराने हैदरभाईंचा फोन आला. आत्या बिरवाडीला वर्कशॉपमध्ये पोचल्या होत्या. कुठं उतरायचं ते कंडक्टरला विचारलं म्हणे, आणि पुढे पोराचं नाव सांगत सांगत आल्या.

नंतर हैदरभाई आत्यांना गाडीतून घरी घेऊन आले, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हे गेट जोडत होते. आत्या मागे येऊन उभ्या राहिल्या, ठिणग्या उडत होत्या तरी हलल्या नाहीत. यांनी बघितलं, हँडल खाली ठेवला, डोळ्यांवरची काच वर केली. आत्या म्हणाल्या, “येसू, तवा मी तुला धरलेला. दोन्ही हातांनी. तू आई आई करत होतास नि आईच धरून बसलेली. मला कलत नव्हता रे.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आता माझ्या हातात तेवढा जोर नाय. आता तुला कोण धरायचा नाय. तुझ्या पायाने जा.”

हे म्हणे बराच वेळ हातमोजे काढत राहिले. हैदरभाई माझी नजर चुकवत होते. म्हणाले, “वहिनी, दहा तारखेला मी गाडी आणतो. पहाटे चारला.”

संध्याकाळी हे आले ते स्वतःहून काट्यावर उभे राहिले. ५७.

१० डिसेंबर, मंगळवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. सेजल शेजारी आहे, कामाला सुट्टी टाकून आलीय.

यांनी सगळे कागद स्वतः वाचले. “जाळणे” असं लिहिलं होतं तिथं थांबले, तरुण डॉक्टरला दोन प्रश्न विचारले. सुई किती जाडीची, आणि उष्णता गाठीच्या बाहेर किती जाते. त्याने सांगितलं, आम्ही पडद्यावर बघत असतो, गाठीभोवती थोडं जास्तीचं जाळतो, त्याच्यापुढे जाऊ देत नाही. हे म्हणाले, “म्हणजे हात स्थिर पाहिजे.” तो म्हणाला, “हो काका, तुमच्यासारखा.” यांनी सही केली.

आत नेताना स्ट्रेचर नको म्हणाले. चालत गेले. दारापाशी मागे वळून बघतील असं वाटलं, पण वळले नाहीत.

साडेदहाला नेलंय. आता अकरा वीस. दार दोनदा उघडलं, दोन्ही वेळा दुसऱ्यांचीच नावं घेतली. मला भीती वाटतेय. हा शब्द मी इतके दिवस लिहिला नव्हता. मला खूप भीती वाटतेय. आत तो विळा नाही, म्हातारा नाही, हे मला माहीत आहे. तरी माझ्या डोळ्यांपुढे सात वर्षांचं पोर येतंय.

बारा दहा. झालं. बाई स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, गाठ पूर्ण जळाली असं दिसतंय, खरं काय ते महिन्याने स्कॅनमध्ये कळेल.

१२ डिसेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी घरी आलो. वजन ५६. ताप शंभर, तो दोन-चार दिवस येतो म्हणाले. उजव्या कुशीत दुखतंय. जखम किती आहे म्हणून टेप लावली, अर्धा सेंटिमीटरही नाही. वर छोटी पट्टी. मागच्या वेळी बावीस टाके होते.

हे शुद्धीवर आल्यावर आधी काय म्हणाले, ते लिहायचं राहिलं. म्हणाले, “मला कायच कलला नाय.” दोनदा म्हणाले, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं.

आज मात्र मी आत्यांवर चिडले. त्यांच्या डाव्या हाताला हळदीची चिंधी बांधलेली. सोडून बघते तर भाजलेलं, दोन-तीन ठिकाणी फोड, एक फुटलेला. विचारलं तर म्हणाल्या, तवा लागला. आता तवा डाव्या हाताला मनगटाच्या वर कसा लागतो, देव जाणे. घरात गॅस असताना या मागच्या पडवीतल्या चुलीशी कशाला जातात? शकूही म्हणाली, मंगळवारी सकाळपासून त्या चुलीशीच बसल्या होत्या. येसूला किती वाजता आत नेणार म्हणून तिच्याकडून सेजलला फोन लावून घेतला, आणि मग दार लावून घेतलं. थंडी होती, शेकत बसल्या असतील. म्हातारपणी हातपाय जागेवर राहत नाहीत. इकडे मी एका आजारी माणसाचं करतेय, त्यात ही दुसरी भर.

अंगणवाडीच्या पेटीतलं मलम आणून लावायला घेतलं. तेवढ्यात हे खाटेवरून उठून आले, कुशीला हात धरून. आत्यांचा हात बघितला. मग माझ्या हातातून मलम काढून घेतलं आणि स्वतः लावत बसले. एवढ्याशा जखमेला एवढा वेळ. मी म्हटलं, अहो, तुम्ही पडून राहा, मी लावते की. यांनी मलम सोडलं नाही.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

वजन ५७. ताप नाही. घेर ८५.

स्कॅन झाला. जाळलेली जागा पूर्ण मेली आहे. पडद्यावर काळा गोल दाखवला, त्याच्यात रक्ताचा थेंब जात नाही म्हणाल्या. मी हात जोडले. पण बाई अजून पडद्याकडेच बघत होत्या, आणि मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या बाजूला एक ठिपका आहे. ०.८. काय आहे ते आत्ताच सांगता येत नाही, दोन महिन्यांनी बघू, वाढला तर परत सुई. या आजाराचं असंच असतं, म्हणाल्या, आपण मागावर राहायचं. मी टेबलाची कड धरली. हे शांतपणे म्हणाले, “जाळायचा तर जाळू.” हा शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

घरी आल्यावर आत्यांना सांगितलं. त्यांच्या हातावरच्या खपल्या पडल्यात, खाली तीन गुलाबी ठिपके राहिलेत. म्हाताऱ्या कातडीवरून ते आता जायचे नाहीत. रक्त तपासायला अजून तयार नाहीत. डॉक्टरीणबाई आईच्या दोषाबद्दल म्हणाल्या होत्या ते सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. आज सांगणार होते, पण आज या नव्या ठिपक्याने डोकं जागेवर नाही. एखाद्या दिवशी निवांत सांगेन.

त्यांनी विचारलं, “परत जालणार त्याला?”

म्हटलं, कदाचित मार्चमध्ये.

“कुठली तारीख? किती वाजता?”

म्हटलं, आत्या, अजून काही ठरलेलं नाही, ठरलं की सांगेन. पण या वेळी त्या दिवशी तुम्ही शकूकडे बसा, चुलीकडे अजिबात जाऊ नका. त्यांनी बरं म्हणून मान हलवली. मग उजव्या हातातल्या बांगड्या वर सरकवून मनगटाकडे बघत बसल्या.